विश्लेषण : पाण्याखाली कॅमेरा नेणारी पेटी घरी बनवता येते का?

पावसाळा सरला की मालवण, तारकर्लीच्या किनाऱ्यावर स्कूबा आणि स्नॉर्कलिंगच्या होड्या पुन्हा सुरू होतात आणि समाजमाध्यमांवर पाण्याखालच्या चित्रफितींचा पाऊस पडतो. त्या पाहून अनेकांच्या मनात एकच विचार येतो, आपला मोबाइल पाण्याखाली नेता आला तर? तयार जलरोधक पेटी, म्हणजे ‘हाउसिंग’, बाजारात मिळते. पण चांगल्या कॅमेऱ्याच्या हाउसिंगची किंमत अनेकदा खुद्द कॅमेऱ्याइतकी, कधी त्याहूनही जास्त असते. मग अॅक्रिलिक, पाइप आणि रबरी रिंग आणून घरीच पेटी बनवण्याचा घाट घातला जातो. हा घाट घालावा की नाही? आमचे मत, जरूर घालावा. मात्र दोन अटींवर. पेटीत जाणारा कॅमेरा गेला तरी चालेल असा असावा आणि पेटी पहिल्यांदा पाण्यात जाईल ती रिकामीच जावी. असे का, ते समजण्यासाठी आधी पाणी काय करते ते पाहू.

मोबाइल ‘वॉटरप्रूफ’ असताना पेटी कशाला?

मोबाइलच्या खोक्यावर ‘आयपी ६७’ किंवा ‘आयपी ६८’ लिहिलेले असते. त्यातला शेवटचा आकडा पाण्याबद्दलचा. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्यापुढे, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनी स्वतः ठरवते. ही चाचणी नवा मोबाइल, स्थिर आणि गोडे पाणी अशा परिस्थितीत होते. समुद्र खारा असतो, लाटा आदळत असतात आणि तुमचा मोबाइल दोनदा तरी खाली पडलेला असतो. त्यातले रबर आणि गोंद काळाबरोबर कमजोर होतात. म्हणूनच अनेक कंपन्या आकडा ठळक छापतात, पण पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. अर्थ सरळ आहे. हा आकडा चुकून बादलीत पडलेल्या मोबाइलसाठी आहे, मुद्दाम समुद्रात नेलेल्या मोबाइलसाठी नाही.

पाण्याचा दाब नेमका किती?

पाण्यात दर १० मीटर खोलीला साधारण एक वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो. आकडा छोटा वाटतो, म्हणून हिशेब करून पाहू. मोबाइल मावेल अशा पेटीचे झाकण २० सेंटीमीटर लांब आणि १२ सेंटीमीटर रुंद धरा. क्षेत्रफळ झाले २४० चौरस सेंटीमीटर. दहा मीटर खोलीवर त्या झाकणावर सुमारे २४० किलोंचा भार येतो. साठ किलो वजनाची चार माणसे एका वहीएवढ्या तुकड्यावर उभी राहिल्यासारखे.

हा दाब आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा जवळपास इतकाच जास्त असतो. फरक दिशेचा. कुकरमध्ये वाफ आतून बाहेर ढकलते, पेटीला पाणी बाहेरून आत ढकलते. कुकरची रिंग जुनी झाली की वाफ फुसफुसते आणि आपल्याला लगेच कळते. पेटीची रिंग चुकली तर आवाज होत नाही. कळते ते वर आल्यावर.

पहिली पेटी कोणी बनवली आणि तिचे काय झाले?

पाण्याखालच्या छायाचित्रणाची सुरुवातच घरगुती पेटीने झाली. इंग्लंडमधल्या वेमथ येथे १८५६मध्ये विल्यम थॉम्प्सन या वकिलाने कॅमेरा एका पेटीत बंद केला, होडीतून सुमारे साडेपाच मीटर खोल सोडला आणि दोरी ओढून झडप उघडली. काच दहा मिनिटे प्रकाशात ठेवावी लागली. पेटी वर आली तेव्हा आत पाणी शिरले होते. तरीही काचेवर तळाची पुसट प्रतिमा उमटली होती. पाण्याखालच्या छायाचित्रांच्या इतिहासातला हा पहिला प्रयत्न मानला जातो.

फ्रान्समधल्या बान्यूल्स येथे १८९३च्या सुमारास लुई बुताँ या जीवशास्त्रज्ञाने आपल्या अभियंता भावाच्या मदतीने पाण्याखालचा कॅमेरा तयार केला. त्याने पेटीला हवेचा रबरी फुगा जोडला. खोल गेल्यावर बाहेरचा दाब फुगा दाबत असे आणि त्यातली हवा पेटीत जात असे. त्यामुळे आतला आणि बाहेरचा दाब जवळपास सारखा राही. जाड भिंतीऐवजी दाबाशी जुळवून घेण्याची ही युक्ती आजही विचार करण्याजोगी आहे. या दोन्ही गोष्टींतून एकच दिसते. पेटी गळणे हा अपवाद नसून या कामाचा भाग आहे. प्रश्न इतकाच, की गळेल तेव्हा आत काय असेल?

साहित्य कोणते आणि मिळते कुठे?

मोबाइलसाठी चपटी पेटी आणि लहान गोल कॅमेऱ्यासाठी पाइप, असे दोन सोपे मार्ग आहेत. मोबाइलची भिंग पाठीकडे बघते, त्यामुळे तो उभ्या पाइपमध्ये घातला तर वक्र भिंतीतून वेडेवाकडे दिसते. त्याला सपाट झाकणाची पेटीच हवी. जुना अॅक्शन कॅमेरा मात्र ११० मिलिमीटरच्या पाइपमध्ये बसतो आणि टोकाच्या सपाट खिडकीतून बाहेर पाहतो.

अॅक्रिलिक नावाच्या पाट्या आणि ट्रॉफी बनवणाऱ्यांकडे मिळते. पण त्यांना ‘दहा मिलिमीटर, कास्ट’ असे स्पष्ट सांगावे. जाडी दुप्पट केली तर झाकणावर येणारा ताण निम्मा नव्हे, एक चतुर्थांश होतो. म्हणून पाच मिलिमीटरचे झाकण स्वस्त पडले तरी ते घेऊ नये. लेझरने कापलेल्या कडेत ताण साठलेला असतो. तिथे चिकटवण्याचे द्रावण लागले की केसासारख्या भेगा पडतात. कड कानशीने आणि पॉलिश पेपरने घासून घ्यावी. स्पिरिट किंवा काच पुसण्याच्या फवाऱ्याने अॅक्रिलिक कधीही पुसू नये, त्यानेही अशाच भेगा पडतात. साबणाचे पाणी आणि मऊ फडके पुरे. चिकटवण्याचे द्रावण विषारी असते. हे काम अंगणात किंवा गच्चीवर करावे, बंद खोलीत नाही.

पाइपचे ज्ञान तर शेतकऱ्याला वेगळे द्यायला नको. दुकानात ‘चार केजीचा’ आणि ‘सहा केजीचा’ पाइप मागतात, तो आकडा दाबाचाच असतो. पण तो आतून येणाऱ्या दाबासाठी आहे. बाहेरून दाब आला की पाइप फुटत नाही, चेपतो. त्यामुळे ‘सहा केजी’ लिहिले म्हणजे साठ मीटर चालेल, असा हिशेब करू नये. वीतभर लांबीचा जाड पाइप आणि दहा मीटरची मर्यादा, इतकेच धरावे.

खरे काम कोणते? पेटी की रिंग?

भिंत सहसा फुटत नाही, जोड गळतो. म्हणून पेटीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग सगळ्यात स्वस्त आहे, ‘ओ-रिंग’ म्हणजे रबरी कडे. ते हायड्रॉलिक सील आणि बेअरिंगच्या दुकानात मिळते. अखंड कडे घ्यावे. रबरी दोरी कापून जोडलेल्या कड्याचा सांधा हीच पहिली कमजोर जागा ठरते.

कडे बसवायला खाच लागते. चार मिलिमीटर जाडीच्या कड्याला सुमारे तीन मिलिमीटर खोल खाच, म्हणजे झाकण बसल्यावर कडे साधारण पाव भाग दबते. खाचेची रुंदी मात्र कड्याच्या जाडीपेक्षा जास्त हवी, कारण रबर दबते तेव्हा लहान होत नाही, बाजूला पसरते. त्याला पसरायला जागा ठेवली नाही तर झाकण नीट बसणारच नाही. ही खाच हाताने कोरू नये. राउटर किंवा मिलिंग मशीन असलेल्या कारागिराकडून करून घ्यावी. घरगुती म्हणजे सगळे स्वतःच्याच हाताने, असा अर्थ नाही.

कड्याला ग्रीस लावायचे ते बोटावर नुसती चमक येईल इतकेच. ग्रीस पाणी अडवत नाही, ते रबराला नीट सरकून बसायला मदत करते. जास्त लावले तर त्याला वाळू चिकटते. बाथरूमचे सिलिकॉन किंवा चटकन चिकटणारा गोंद लावून झाकण बंद करण्याचा मोह टाळावा. सिलिकॉन अॅक्रिलिकला नीट धरत नाही आणि तसल्या गोंदाच्या वाफांनी अॅक्रिलिक पांढरे पडते.

झाकणाचे नट गाडीच्या चाकासारखे आवळावेत, एक इकडचा, मग समोरचा. एकाच बाजूने आवळत गेले तर कडे एका बाजूला दबते आणि दुसऱ्या बाजूला सैल राहते. गंमत म्हणजे दहा मीटरवर झाकण पाण्याच्याच दाबाने घट्ट बसते. गळती बरेचदा पहिल्या एक-दोन मीटरमध्ये होते, कारण तिथे झाकण दाबून धरायला पाण्याचा जोर पुरेसा नसतो. ‘मी काय खोल जाणार आहे, वरवरच तर पोहणार’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे.

बटणे कशी दाबायची?

दाबू नयेत, हे आमचे उत्तर. पाण्याखाली मोबाइलचा पडदा बोटाला साथ देत नाही. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात काही सेंटीमीटरमध्येच विरतात. मग पेटीला भोक पाडून दांडी बसवण्याची कल्पना सुचते. पण प्रत्येक भोक म्हणजे पाण्यासाठी आणखी एक दरवाजा आणि प्रत्येक दरवाज्याला आणखी एक कडे. पहिल्या पेटीला एकही भोक नसावे. व्हिडिओ सुरू करावा, झाकण लावावे, पाण्यात सोडावे, वर आल्यावर हवे ते दृश्य त्यातून उचलावे. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवावा, नाहीतर तो आतूनच अॅक्रिलिकवर चमकतो आणि चित्रात पांढरा डाग येतो. भिंगेभोवती काळा कागद लावला तर परावर्तन आणखी कमी होते.

चित्र निळे आणि जवळचे का दिसते?

सपाट खिडकीतून पाण्यातली वस्तू आहे त्यापेक्षा साधारण पाव अंतराने जवळ आणि एक तृतीयांशाने मोठी दिसते. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, त्याचा हा परिणाम. त्यामुळे कॅमेऱ्याची दृष्टी अरुंद होते. मोबाइलची रुंद भिंग निवडली तर ही तूट बरीचशी भरून निघते. रंगांचे गणित वेगळे. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषते, पाच-सहा मीटरवर तो बराचसा गेलेला असतो. म्हणून सगळे हिरवे-निळे दिसते. उथळ पाणी, दुपारचे ऊन आणि वस्तूच्या जवळ जाणे हे तीन उपाय कोणत्याही महाग फिल्टरपेक्षा आधी करून पाहावेत.

कोकणच्या दमट हवेत आणखी एक अडचण येते. दमट हवा पेटीत बंद केली आणि पेटी थंड पाण्यात गेली की खिडकीला आतून घाम येतो. झाकण कोरड्या, शक्य तर वातानुकूलित खोलीत लावावे आणि आत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकाव्यात.

पेटी तरंगते, मग बुडवायची कशी?

वर सांगितलेली पेटी सहा सेंटीमीटर उंच असेल तर ती सुमारे १.४४ लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे पाणी तिला जवळपास दीड किलोच्या जोराने वर ढकलते. पेटी, मोबाइल आणि नट मिळून वजन सव्वा किलोच्या आसपास भरले तर पेटी तरंगत राहील. शे-दीडशे ग्रॅम वजन बाहेरून घट्ट बांधले की ती जेमतेम तरंगेल. तशीच ती असावी. हातातून सुटली तर वर आली पाहिजे, तळाला जाता कामा नये. मनगटाला दोरी हवीच.

चाचणी कशी घ्यायची?

इथे आमचाच अनुभव सांगणे योग्य. पहिली पेटी तयार झाली तेव्हा उत्साह इतका होता, की कोकणातल्या मामाच्या विहिरीत ती जुन्या मोबाइलसकट थेट सोडली. दहा मिनिटांनी वर ओढली तर आत दोन बोटे पाणी. पंचाने कडे पुसताना पंचाचा एक धागा खाचेत आडवा राहिला होता. धागा केसाएवढाच, पण पाण्याला तेवढी वाट पुरली. मामा पाहत उभा होता. म्हणाला, “नवा दोर आणला तरी आधी दगड बांधून सोडतात. तू पहिल्याच फेरीला दागिना सोडलास होय?”

त्यानंतर ठरवलेला क्रम असा. आधी बादली. पेटीत कोरडा टिश्यू पेपर ठेवून ती अर्धा तास कोमट पाण्यात दाबून धरायची. आतली हवा तापून फुगते आणि जोड सैल असेल तर तिथून बुडबुडे येतात. मग विहीर किंवा खोल टाकी. दोराला दर मीटरला गाठ मारायची, पेटीला दगड बांधायचा, तिला जितके खोल न्यायचे आहे त्यापेक्षा दोन मीटर जास्त खोल सोडायची आणि तासभर ठेवायची. सोडण्याआधी आणि वर काढून बाहेरून पूर्ण पुसल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचे. दोन ग्रॅमचा फरक पडला तरी कुठेतरी वाट आहे. ही फेरी लागोपाठ तीनदा कोरडी निघाली, तरच मोबाइल आत जाईल. दर वेळी झाकण उघडले की कडे काढून पाहायचे, खाच बोटाने चाचपायची आणि बादलीची चाचणी पुन्हा घ्यायची. आणि विहिरीत फक्त पेटी उतरते, माणूस नाही.

पाणी शिरलेच तर?

मोबाइल वाचवण्याच्या घाईत माणसे इथे खरी चूक करतात. खाऱ्या पाण्यात भिजलेली लिथियम बॅटरी तापू शकते, तिच्यातून वायू सुटू शकतो आणि बंद पेटीत दाब वाढतो. झाकण चेहऱ्यापासून लांब धरून, उघड्यावर, नट हळूहळू सैल करत उघडावे. मोबाइल बंद करावा आणि चार्जरला अजिबात लावू नये. तो गरम लागत असेल किंवा फुगला असेल तर हात न लावता मोकळ्या जागी, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावा. तसे नसेल तर मीठ निघून जाण्यासाठी गोड्या पाण्याने धुऊन दुरुस्तीवाल्याकडे न्यावा. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने मीठ निघत नाही. ज्या मोबाइलमध्ये बँकेचे अॅप आणि लेकरांचे फोटो आहेत, तो पेटीत घालायचाच नाही, ही पहिली अट त्यासाठीच.

मग एवढा खटाटोप करायचा कशाला?

आक्षेप रास्त आहे. ज्यांना दहा मीटरच्या खाली जायचे आहे, त्यांनी तयार हाउसिंग विकत किंवा भाड्याने घ्यावे. ज्यांना नीट पोहता येत नाही, त्यांनी हातात कॅमेरा घेऊन समुद्रात उतरूच नये. लक्ष पडद्यावर असताना माणूस किती दूर आला ते त्याला कळत नाही. समुद्रातही घरगुती पेटीची जागा होडीतून सोडलेल्या दोरीच्या किंवा काठीच्या टोकाला आहे, थॉम्प्सनने ठेवली होती तशी.

पण त्या काठीच्या टोकाला बरेच काही आहे. महाराष्ट्राला शेकडो किलोमीटरचा किनारा आहे, खाड्या, नद्या, तळी आहेत आणि त्यांच्या पृष्ठभागाखाली काय चालले आहे हे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७मध्ये घोषित झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत, हे आजही किनाऱ्यावर राहणाऱ्या अनेक मुलांना पर्यटकांच्या चित्रफितींतून कळते. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना हात लावणे, त्यावर पेटी आपटणे चालणार नाही आणि अभयारण्यात काहीही पाण्यात सोडण्याआधी वन विभागाला विचारायला हवे. पण बंदराच्या धक्क्याखाली अडकलेली जाळी, खाडीच्या तळाचे प्लॅस्टिक, गावच्या ओढ्यातले मासे हे पाहायला जुना मोबाइल, दहा मिलिमीटरचे अॅक्रिलिक आणि एक काठी पुरते. शाळांमधल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांत रोबोटचे तयार संच जोडण्यासोबत एखादी अशी पेटी बनली, तर दाब, अपवर्तन आणि तरंगणे हे तीन धडे मुलांना वेगळे शिकवावे लागणार नाहीत. आणि चौथा धडा कोणत्याही पुस्तकात नाही. आपण केलेल्या वस्तूवर विश्वास ठेवण्याआधी ती आपणच बुडवून पाहायची असते.

विहिरीत चौथ्यांदा सोडलेली आमची पेटी कोरडी वर आली. चित्रफितीत शेवाळलेले दगड होते, बोटभर लांबीचे मासे होते आणि कधीतरी दोर तुटून पडलेली एक बादली. मामाने ती चित्रफीत तीनदा पाहिली. सगळे आयुष्य त्या विहिरीचे पाणी पिऊन काढलेल्या माणसाने तिचा तळ पहिल्यांदाच पाहिला होता.